कोल्हापूर ते कॉन्झर्व्हेटरी: क्लासिकल गिटारची दोन वर्षं

ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या उच्च शिक्षणसंस्थेत, क्लासिकल गिटारमध्ये मास्टर्स करून कोल्हापुरात परत आले, तेव्हापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "मग, नवीन काय काय वाजवायला शिकलीस?" विचारणाऱ्यांच्या मनात कौतुकच असतं. पण खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी नव्या रचना फार थोड्या शिकले. जाताना जे येत होतं त्यातलंही बरंच बाजूला पडलं. मी शिकले ते ऐकायला. वाजलेला स्वर पुढं किती वेळ राहतो, कसा विरतो, तो कुठं थांबवायचा आणि कुठं राहू द्यायचा, आणि हे सगळं माझ्याच बोटांनी ठरतंय हे प्रत्येक क्षणी जाणवत राहणं. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्या भागातली काही मुलं आता या वाटेला लागली आहेत, आणि त्यांना मराठीत वाचायला फारसं काही सापडत नाही.

आधी वाद्याबद्दल थोडं. गिटार म्हटलं की गॅदरिंगमध्ये कॉर्ड वाजवत गाणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. क्लासिकल गिटार वेगळी. पिक नसतं, उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं तारा छेडतात, नख आणि बोटाचं मांस दोन्ही लागतं. डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवून गिटार डाव्या मांडीवर घ्यायची. उंच सुरांच्या तीन तारा नायलॉनच्या असतात; 1940 च्या दशकापर्यंत त्या आतड्याच्या असत. आज जी गिटार आपण पाहतो तिचं रूप एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अँतोनियो दे तोरेस (1817-1892) या कारागिरानं रुळवलं. 650 मिलिमीटर ही आज सर्रास वापरली जाणारी तारेची लांबीही त्याच्याच गिटारांवरून पुढं आली. पुढची फळी स्प्रूसची किंवा सीडरची, आणि पाठ बऱ्याचदा भारतीय शिसवीची. म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारं झाड. माझी गिटार स्पेनमध्ये बनलेली. तिच्या पाठीचं लाकूड शिसव आहे हे कळल्यावर बाबांनी ती उलटी करून बराच वेळ निरखली, आणि मग घरातल्या जुन्या कपाटाच्या दाराशेजारी धरून बघितली. रेषा तशाच होत्या.

घर राजारामपुरीत. आई जयपूर घराण्याचं गाणं शिकलेली, त्यामुळं तानपुरा घरात कायम जुळलेला. कोल्हापूरला गाण्याचा कान आहे असं म्हणतात ते उगाच नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथंच राहिले, देवल क्लब 1883 पासून चालू आहे, आणि आमच्या लहानपणी तिथल्या मैफलींना नेलं जाणं हे शाळेत जाण्याइतकंच नेहमीचं होतं. गिटार मात्र मला कोल्हापुरात कॉर्डपुरतीच शिकायला मिळाली. पुढचं पणजीतल्या सरांकडं. महिन्यातून एकदा आंबोली घाटातून बसनं जायचं, दोन तास शिकायचं, रात्रीच्या गाडीनं परत. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड, मग एटीसीएल आणि एलटीसीएल या त्यांच्याच चढत्या डिप्लोमा परीक्षा झाल्या. कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं, विषय गणित. बी.एस्सी. हातात आल्यावर घरात स्पष्ट बोलणं झालं, आणि मास्टर्सला अर्ज करायचं ठरलं.

ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींसाठी एकाच पोर्टलवरून अर्ज करावा लागतो, आणि संगीताची मुदत ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला संपते. म्हणजे पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी जवळजवळ वर्षभर आधी. कोल्हापुरातून तयारी करणाऱ्यानं या तारखेचा अर्थ नीट समजून घ्यावा. परदेशातल्या उमेदवारांना रेकॉर्डिंग पाठवता येतं, पण ते करायचे महिने येतात जुलै ते सप्टेंबर. पाऊस पत्र्यावर कोसळत असतो, आणि तो कमी झाला की गल्लीत गणपतीच्या पथकांचा सराव सुरू होतो. शेवटी पन्हाळा रोडला मामांचं घर आहे तिथं जाऊन रात्री उशिरा रेकॉर्डिंग केलं. मामांनी फ्रिजचा प्लग काढला, पंखे बंद केले, भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरीसुद्धा काढून ठेवली. गाद्या उभ्या करून मागं लावल्या, म्हणजे फरशीचा आवाज घुमत नाही. रचना सलग, कुठंही न कापता वाजवलेली हवी असते, त्यामुळं बाहेर कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. मामी दारात बसून राहिल्या, कुणी गाडी घेऊन आलं तर थांबवायला.

कार्यक्रम वेगवेगळ्या काळांतला असावा अशी अपेक्षा असते. मी बाखच्या बीडब्ल्यूव्ही 998 (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) मधला प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, फेर्नांदो सोरची मोझार्टच्या धुनेवरची व्हेरिएशन्स आणि व्हिला-लोबोसचा पहिला एट्यूड, म्हणजे अभ्यासरचना, असे तीन पाठवले. मग ऑनलाइन मुलाखत झाली. आवडते गिटारवादक कोण वगैरे काही त्यांनी विचारलं नाही. प्रेल्यूडमधल्या एका ठिकाणचा खालचा सूर तुम्ही पुढच्या मात्रेतही राहू दिलात, का? एवढंच. मी उत्तर दिलं, पण ते उत्तर पूर्ण व्हायला पुढं दोन वर्षं लागली.

पैशांचं एकदाच सांगते. परदेशी विद्यार्थ्याला तिथं वर्षाची फी 25 हजार पौंडांच्या पुढंच धरून चालायची. मला शिष्यवृत्तीतून काही भाग मिळाला, बाकी शैक्षणिक कर्ज आणि घरचे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण रियाज सांभाळून तेवढं होत नाही. याचा हिशेब अर्ज करण्याआधीच घरच्यांबरोबर बसून करावा, प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर नव्हे.

पहिल्या तासाला शिक्षकांनी तोच प्रेल्यूड वाजवायला सांगितला. पूर्ण ऐकला. मग म्हणाले, आता वरचं सगळं सोड आणि फक्त खर्जाच्या तारांवरचे सूर वाजव. ही रचना मूळ इ-फ्लॅट मेजरमध्ये आहे, गिटारवर ती डी मेजरमध्ये वाजवतात, आणि त्यासाठी सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवून डीला लावतात. ही उतरवलेली तार खुली छेडली की बराच वेळ घुमत राहते. सुरांची संगती बदलते, पाचव्या तारेवर नवा खर्ज येतो, तरी मागचा डी आपला खाली बसलेलाच. ऐकणाऱ्याला काहीतरी गढूळ वाटतं, पण नेमकं काय ते कळत नाही. वाजवणाऱ्याला तर तेही वाटत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष वरच्या धावत्या सुरांत असतं.

तो डी थांबवायचा कसा? एक पद्धत म्हणजे पाचवी तार छेडताना अंगठ्याची मागची बाजू सहाव्या तारेला हलकीच टेकवायची. दुसरी, डाव्या हाताचं जे बोट पाचव्या तारेवर आहे त्याचं टोक वर सरकवून सहावीला स्पर्श करायचा. तिसरी, सूर वाजवून झाल्यावर अंगठा परत तारेवर आणून ठेवायचा, पण बरोबर तालात, कारण थांबण्यालाही ताल असतो. लवकर थांबवला तर वाक्य तुटतं, उशीर झाला तर चिखल होतो. प्रत्येक जागी यातलं काय करायचं हे स्वरलिपीवर पेन्सिलीनं लिहायचं. माझी प्रेल्यूडची प्रत सत्र संपेपर्यंत इतकी भरली की छापील सूर शोधावे लागत.

हे चालू असताना एकही नवी रचना नाही. सोबतीला मॉरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाच्या पहिल्या ओपसमधले, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या प्रकाशित कृतीतले, उजव्या हाताचे व्यायाम, जे 120 आहेत आणि डाव्या हाताला दोनच कॉर्ड पकडायला लावतात. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला डाव शिकवत नाहीत, आधी जोर-बैठका मारून घेतात, तसंच ते होतं. फरक इतकाच की इथं मी एलटीसीएल होऊन आले होते, आणि माझ्या बरोबरीच्या वर्गमित्रांमध्ये स्पर्धा जिंकलेले होते. त्यांचंही तेच चाललेलं. कुणाची तक्रार नव्हती. सराव-खोल्यांच्या बाहेरून जाताना एकाच कॉर्डवरचे तेच ते व्यायाम तीन-चार खोल्यांतून ऐकू यायचे.

मग आवाजाची गुणवत्ता. गिटारवर आवाज नखातून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. नखाच्या आकारात एका बाजूला अर्धा मिलिमीटर फरक पडला तर काय होतं हे मला तिथं कळलं. तार आधी मांसाला लागते, मग नखाच्या उतारावरून घसरत सुटते. उतारात कुठं खाच असेल तर आवाज तिथं अडकतो आणि कर्कश येतो. म्हणून नख फाइलनं घासून झाल्यावर बारीक वॉटर पेपरनं गुळगुळीत करायचं. 2000 नंबरचा वॉटर पेपर. तो मला तिथं महाग मिळायचा, म्हणून सुट्टीत आले की इथं गाड्या पेंट करणाऱ्यांकडून घेऊन जायची. दुकानदारांनी विचारलं, "ताई, कुठली गाडी?" मी हात पुढं केला, उजव्या हाताची नखं दाखवली. डाव्या हाताची अगदी मुळापर्यंत कापलेली. त्यांनी बोट हातात धरून नखाची कड उजेडात बघितली आणि म्हणाले, "मग 2500 चा न्या की. शेवटचा हात त्यानं मारा, आरशागत हुतंय." बरोबर होतं त्यांचं. अजून तोच वापरते.

या नखांमुळं घरातलं वागणं बदलतं. भांडी घासायची नाहीत, नारळ फोडायचा नाही, चाव्या डाव्या हातानं. आईनं एकदाही बोलून दाखवलं नाही, पण भाकरी थापायला बसले की ती मला उठवायची.

आता सूर लावण्याचा विषय, जो माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेला आणि ज्यावर मी अजून काम करते आहे.

तानपुऱ्याच्या घरात वाढलेल्या कानाला गंधार कुठं असतो हे शिकवावं लागत नाही. षड्जाच्या तारेतून तो स्वतःच ऐकू येतो. गिटारवर पडदे ठोकलेले असतात, आणि त्यांची जागा सप्तकाचे बारा समान भाग करून ठरवलेली असते. या समान विभागणीत पंचम जवळजवळ शुद्ध येतो, पण मेजर थर्ड, म्हणजे आपला शुद्ध गंधार, तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, त्यातले चौदा. ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला नाही त्यांना ते खटकत नाही. मला खटकायचं, आणि मी नकळत तिसरी तार, म्हणजे जीची तार, किंचित उतरवून ठेवायची. कारण इ मेजर कॉर्डमधला जी शार्प त्या तारेवर येतो, आणि तो उतरवला की कॉर्ड गोड लागते. पण तीच तार खुली वाजली, किंवा सी मेजरमध्ये पंचम म्हणून आली, की आता ती उतरलेली. एका कॉर्डचं भलं केलं की दुसरी बिघडते.

शिक्षकांनी हे चूक किंवा बरोबर असं म्हटलं नाही. ते म्हणाले, तुला जे ऐकू येतंय ते खरंच आहे, ते ऐकणं बंद करू नकोस; पण हे वाद्य सगळ्या स्केलमध्ये फिरणार आहे, तेव्हा कुठं किती तडजोड करायची ते रचनेप्रमाणं ठरव. मग पुढं जे केलं ते असं. प्रत्येक रचनेआधी तिच्यात सगळ्यात जास्त वेळ थांबणाऱ्या कॉर्ड कुठल्या ते बघायचं, आणि त्या बऱ्या लागतील अशी तिसरी तार एका मधल्या जागी ठेवायची. नायलॉनची तार पडद्यावर दाबताना बोट पुलाच्या, म्हणजे तारा जिथं बांधलेल्या असतात त्या ब्रिजच्या, दिशेनं ढकललं तर सूर केसभर उतरतो, उलट्या दिशेनं ओढलं तर केसभर चढतो. ज्या एका गंधारावर ऐकणाऱ्याचं लक्ष जाणार आहे तेवढा या युक्तीनं जागेवर आणायचा. आणि बाकीचे जातात त्या वेगात सोडून द्यायचे. हे सोडून देणं मला जड गेलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पेटीवाल्यांबरोबर आम्ही गातोच की गं. गळा आपल्या जागी राहतो." तिच्या या बोलण्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्या पुस्तकानं आला नाही.

998 मधला फ्यूग शिकताना गळा उपयोगी पडला. फ्यूगमध्ये एक छोटा विषय एका आवाजात येतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि मग हे तिन्ही आवाज एकमेकांत गुंतत चालतात. या फ्यूगचं विशेष म्हणजे पहिला भाग शेवटी जसाच्या तसा परत येतो. सहा तारांवर तीन माणसं बोलवायची, आणि प्रत्येकाचं वाक्य तुटू द्यायचं नाही. सराव असा की एक आवाज गायचा आणि उरलेले दोन वाजवायचे. मग आलटून पालटून. वर्गातली बाकीची मुलं 'ला ला' वर गायची; मी डीला सा धरून सरगम म्हणायची, कारण तसं म्हटलं की पुढचा सूर कुठं जाऊ पाहतोय ते माझं मलाच कळायचं. मधला आवाज गाणं सगळ्यात कठीण, तो कधी वरच्याच्या आड लपतो, कधी खालच्याच्या. पण तो गायला जमला त्या आठवड्यात बोटांची जुळणीच बदलली. जिथं मी सोयीसाठी तार बदलत होते तिथं मधल्या आवाजाचं वाक्य तुटत होतं, हे गाताना श्वासानं सांगितलं.

इतिहास आणि संशोधनाचे तास असतात, प्रबंधवजा लेखन असतं, चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवणं, असतं. चेंबर म्युझिकमध्ये बासरीबरोबर वाजवताना कळतं की गिटारचा आवाज किती लहान आहे. इतिहासातली एक गोष्ट मात्र मनात राहिली. इंग्रज गिटारवादक ज्यूलियन ब्रीम (1933-2020) लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये शिकायला गेले तेव्हा तिथं गिटार शिकवलीच जात नव्हती. त्यांनी पियानो आणि चेलो शिकला. कॉन्झर्व्हेटरीत गिटारला जागा मिळाली ती अशी अलीकडं. म्हणून आमच्याकडं पियानोवाल्यांसारखा प्रचंड साठा नाही. बाख आम्ही ल्यूट (गिटारसारखं एक जुनं तंतुवाद्य), व्हायोलिन, चेलोवरून घेतो, आणि विसाव्या शतकातलं बरंचसं चांगलं काम वादकांनी संगीतकारांच्या मागं लागून लिहून घेतलेलं आहे. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियानं ते केलं, ब्रीमनं केलं. आम्हालाही रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर जोडी लावून देत. त्यांनी लिहायचं, आम्ही बोटं पोचतात का ते सांगायचं. हा भाग मला फार आवडला, आणि त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

लाकडाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण कोल्हापूरकराला यात दुहेरी त्रास आहे. गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडं जुलैत हवा पाण्यानं भरलेली. फळी फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, आवाज बसका होतो. तिथं हिवाळ्यात हीटर चालू झाला की खोली अशी कोरडी पडते की लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं हाताला टोचू लागतात, आणि दुर्लक्ष केलं तर फळीला तडा जातो. तिथं पेटीत ओला स्पंज असलेली नळी ठेवायची, इथं सिलिका जेलच्या पुड्या. आणि एक छोटं आर्द्रतामापक कायम पेटीत.

तारांच्या उंचीवर उपाय मिरजेत सापडला. पुलावर जी हाडाची पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात, ती काढून बदलता येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा मिरजेला सतारमेकर चाचांकडं गेले. त्यांनी गिटार हातात घेऊन आधी पाठ बोटानं वाजवून बघितली, मग पट्टी काढून डोळ्यांसमोर आडवी धरली.

"जवारी काढायची काय?"

"नाही चाचा, उलटं हवंय. तार एकाच कडेवरनं सुटली पाहिजे, बिलकुल झणझण नको."

"म्हणजे आम्ही जे आयुष्यभर करतो ते नको," म्हणाले, आणि कानस घेऊन बसले. तानपुऱ्याच्या घोडीवर तार लांबवर घासत राहावी म्हणून ते माथा रुंद, उतरता करतात. माझ्यासाठी त्यांनी तोच हात वापरून धार काढली. एक पट्टी पावसाळ्यासाठी बुटकी, एक कोरड्या हवेसाठी किंचित उंच. मधे मधे बसवून, तार छेडून, पुन्हा काढून. पडद्यावर सूर नीट मिळावा म्हणून तिसऱ्या तारेखालची कड थोडी मागं घेतली, तेही मी सांगण्याआधी, फक्त कानानं. त्या दोन पट्ट्या आजही माझ्या पेटीत आहेत, आणि जूनमध्ये एक काढून दुसरी घालते.

त्याच सुट्टीत शेवटच्या रिसायटलची तयारी इथंच झाली. अंतिम परीक्षा म्हणजे पाऊण-एक तासाचा जाहीर कार्यक्रम, समोर परीक्षक, सोबत स्वतः लिहिलेली कार्यक्रम-टिपणं. मी 998 पूर्ण ठेवला होता, आणि दुसऱ्या भागात बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'नॉक्टर्नल'. हे ब्रिटननं 1963 मध्ये ब्रीमसाठी लिहिलं. नेहमी व्हेरिएशन्स म्हणजे आधी मूळ धून, मग तिचे विस्तार. इथं उलट आहे. आठ भाग चालतात, अस्वस्थ, तुटक, मधेच कूच केल्यासारखे, आणि आठव्यात खालच्या तारांवर उतरत जाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, वरती तिच्याशी झगडा वाढत जातो; आणि तो विरला की मग अगदी शेवटी, स्वच्छ, जुन्या काळातला इंग्रज ल्यूटवादक-संगीतकार जॉन डाउलंड याचं झोपेला बोलावणारं गाणं. 1597 मध्ये छापलेलं. तोपर्यंत ऐकणारा ज्या तुकड्यांवरून चालत आला ते सगळे या गाण्याचेच होते हे तेव्हा लक्षात येतं.

कार्यक्रम पाठ झाला असला तरी माणसांसमोर वाजवल्याशिवाय तो खरा होत नाही. म्हणून दर आठवड्याला घरी कुणाला तरी बोलवायचं. शेजारच्या काकू, बाबांचे बँकेतले मित्र, मामा-मामी. मध्ये उठू नका, टाळी शेवटी, एवढंच सांगायचं. एकदा आईच्या गाण्याच्या बाई आल्या. ऐंशीच्या पुढं वय, ऐकायला अजून तल्लख. त्या डोळे मिटून बसल्या. 'नॉक्टर्नल' चालू झाल्यावर मला वाटलं, यांना हे कसं सोसणार. संपलं. चहा आला. कप तसाच हातात धरून बाई म्हणाल्या,

"अगं, बंदिश शेवटी आली की."

"हो बाई. मुद्दामच तशी आहे."

"मग तू ती आधीच का सांगून टाकलीस?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, दुसऱ्या का तिसऱ्या तुकड्यात तू एक जागा अशी गोड करून थांबलीस, की मला तेव्हाच मुखडा कळला. तिथं एवढं रेंगाळायचं नाही. ज्याला माहीत आहे त्यानं माहीत असल्यासारखं वाजवू नये.

मी प्रत काढून बघितली. ती जागा सापडली. डाउलंडच्या गाण्याची एक ओळ तिथं जवळजवळ उघडी येते, आणि ती मला आवडायची म्हणून मी तिच्यावर थांबत होते. बाईंनी हे गाणं आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. गिटारच्या वर्गात त्या जागेवर आमची चर्चा झाली होती, पण बोटांच्या मांडणीबद्दल; किती दाखवायचं याबद्दल नव्हे. परत गेल्यावर शिक्षकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ती जागा दोन्ही प्रकारे वाजवून घेतली आणि बाईंच्या बाजूनं कौल दिला. मग सगळी रचनाच आम्ही त्या नजरेनं पुन्हा तपासली. कुठं काय आधी कळतंय, कुठं कळू द्यायचं नाही.

रिसायटल नीट झालं. परीक्षकांच्या लेखी अभिप्रायात फ्यूगच्या मधल्या आवाजाचा उल्लेख होता, आणि 'नॉक्टर्नल'मध्ये शेवटचं गाणं आल्यावर सभागृहात काय घडलं त्याचा. अजून मोठा आवाज, विशेषतः मागच्या रांगांपर्यंत, यावर काम करावं असंही लिहिलं होतं. ते खरं आहे, आणि सध्या रोज सकाळचा पहिला अर्धा तास त्यालाच जातो: अपोयांदो, म्हणजे छेडून झाल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकतं तो प्रहार, एकेका तारेवर, जोर न लावता वजन देऊन.

आता राजारामपुरीतच शिकवते. विद्यार्थी मोजके आहेत. इचलकरंजीची एक मुलगी एटीसीएलची तयारी करते आहे आणि पुढं बाहेर जायचं म्हणते. तिला मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक रचनेचा खर्ज वेगळा वाजवायला लावते, आणि मधला आवाज गायला. ती इंग्रजी शाळेतली, सरगम म्हणायला आधी लाजायची. आता तिसऱ्या तारेवरचा गंधार चढा आहे हे तीच मला सांगते. तिच्या अर्जाचं रेकॉर्डिंग आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत करून ठेवणार आहोत, पाऊस आणि गणपती दोन्हींच्या आधी, मुदतीला आठ-नऊ महिने हातात असताना. त्यात फक्त एक पाहावं लागतं, की त्या वर्षीचे नियम जाहीर झाल्यावर रचना बसतात का आणि रेकॉर्डिंग किती जुनं चालतं. नाही बसलं तर उन्हाळा मोकळा आहे, आणि मामांनी घर देऊ केलंच आहे.